निसर्गाचे फोटो दाखवताना काय विचारायचं आणि टीका आली की काय करायचं

सुरुवातीला आपण फोटो घरच्यांना आणि मित्रांना दाखवतो. ते 'मस्त आलाय' म्हणतात आणि मनापासून म्हणतात. काही दिवसांनी मात्र वाटायला लागतं की ज्यांना यातलं कळतं त्यांनी पाहावं, आणि खरं काय ते सांगावं. खरं कुणी सांगितलं की ते लागतं. मग काही जण वाद घालतात, काही जण फोटो दाखवणंच सोडतात. दोन्हींत नुकसान आपलंच, कारण चांगली नजर असलेला माणूस आपल्या फोटोसमोर दोन मिनिटं थांबला ही शिकण्याची मोठी संधी असते आणि ती वाया जाते.

माझं मत असं, की टीकेचा उपयोग होतो की नाही हे टीका करणाऱ्यापेक्षा फोटो दाखवणाऱ्यावर जास्त अवलंबून असतं. फोटो कोणता निवडला, सोबत काय विचारलं, आणि उत्तर ऐकल्यावर मूळ फाइल पुन्हा उघडून पाहिली का, या तीन गोष्टींवर बहुतेक सगळं ठरतं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पुढच्या क्रमाने जावं.

पायरी १: एकच फोटो निवडा

एकाच पक्ष्याचे आठ फोटो एकदम दाखवले की पाहणारा त्यातल्या त्यात बरा शोधतो आणि पुढे जातो. कुठल्याच फोटोकडे नीट पाहिलं जात नाही. म्हणून निवड आपण करायची, आणि शक्यतो त्याच दिवशी करायची नाही. फोटो काढून आल्यावर डोक्यात तो अख्खा प्रसंग ताजा असतो. चिखलात तासभर पालथं पडून राहिल्याची मेहनत आपल्याला फोटोत दिसते, पाहणाऱ्याला दिसत नाही. त्याच्यासमोर फक्त चौकट असते. एक-दोन रात्री जाऊ द्या, मग पाहा.

निवडताना आधी फोटो शंभर टक्के मोठा करून डोळा तपासा. प्राण्याचा किंवा पक्ष्याचा डोळा फोकसमध्ये नसेल तर बहुतेक वेळा तो फोटो बाजूला ठेवलेला बरा. मग उलट करा, फोटो अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून पाहा. एवढ्या आकारातही कळतंय का, की यात काय आहे आणि नजर कुठे जायला हवी? जो फोटो लहान आकारात गोंधळलेला दिसतो तो मोठा केला तरी गोंधळलेलाच राहतो.

पायरी २: फाइल नीट करा

ही कामं भराभर होतात, पण राहिली तर सगळी चर्चा तिथेच अडकते. क्षितिज किंवा पाण्याची रेषा सरळ करा. आकाशात सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके असतील तर काढा. लांब बाजू साधारण दोन हजार पिक्सेल ठेवा आणि शार्पनिंग आकार लहान केल्यानंतर शेवटी करा. आधीच शार्प केलेला फोटो लहान करून पुन्हा शार्प केला की पिसांच्या आणि फांद्यांच्या कडेला पांढरी रेघ उमटते. रंगांसाठी एसआरजीबी (बहुतेक स्क्रीनना नीट दाखवता येणारी रंगांची पद्धत) निवडा. अ‍ॅडोबी आरजीबीत ठेवलेली फाइल काही ॲपमध्ये फिकी दिसते आणि मग लोक तुमच्या रंगांना नावं ठेवतात. रात्री अंधाऱ्या खोलीत, स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून एडिटिंग केलं असेल तर सकाळी एकदा दुसऱ्या स्क्रीनवर पाहा. 'फोटो काळवंडलाय' ही तक्रार बऱ्याचदा तिथून येते.

पायरी ३: ठिकाण उघड होतंय का ते पाहा

ही पायरी टीका टाळण्यासाठी नाही, समोरच्या जिवासाठी आहे.

मोबाइलमध्ये लोकेशन सुरू असेल तर प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश लिहिले जातात. जीपीएस असलेले कॅमेरेही तेच करतात. काही ॲप फोटो पाठवताना ही माहिती काढून टाकतात, पण मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली की ती बहुधा तशीच जाते. म्हणून एडिटिंगनंतर फाइल एक्स्पोर्ट करतानाच लोकेशन काढून टाकण्याची सवय लावा. गेंड्यांसारख्या शिकारीच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या बाबतीत हा विषय जिवावर बेततो. घरटी, बिळं, दुर्मिळ ऑर्किड, पाळण्यासाठी पकडले जाणारे सरपटणारे प्राणी यांच्या बाबतीतही नेमकी जागा सांगणं म्हणजे गर्दीला आणि कधी कधी चोरांना वाट दाखवणं. निसर्गनोंदी गोळा करणारे मोठे प्रकल्पही हे पाळतात. आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा आपोआप झाकली जाते आणि नकाशावर त्या परिसरातला भलताच बिंदू दिसतो. ईबर्डवरही काही संवेदनशील पक्ष्यांच्या नोंदी सगळ्यांना दिसत नाहीत.

फाइलमधून आकडे काढले तरी काम संपत नाही. मागे ओळखू येणारं मंदिर, पूल किंवा टॉवर असेल तर जाणकार माणूस जागा शोधून काढतो. कुणी 'कुठे मिळाला?' असं विचारलं तर 'जागा सांगत नाही, घरट्याचा हंगाम आहे' एवढं उत्तर पुरेसं आहे. त्यात उद्धटपणा काही नाही.

पायरी ४: फोटोसोबत माहिती द्या आणि एक प्रश्न विचारा

'कसा वाटला?' असं विचारलं की 'छान' हे उत्तर येतं, कारण त्या प्रश्नाला तेच साजेसं उत्तर आहे. नेमकं विचारलं तर नेमकं मिळतं. समजा चतुराचा (ड्रॅगनफ्लायचा) फोटो आहे. सोबत असं लिहिता येईल: 'सकाळचं कोवळं ऊन, १०० मिमी मॅक्रो, एफ/८, १/२५०, आयएसओ ८००. ट्रायपॉड नव्हता. डावीकडून थोडं क्रॉप केलंय. डोकं आणि पंख दोन्ही फोकसमध्ये हवे होते, पण शेपटीकडचा भाग धूसर आलाय. कोन बदलायला हवा होता की अ‍ॅपर्चर?' असा प्रश्न वाचल्यावर जाणकार माणूस लगेच सांगेल की चतुराच्या अंगाला कॅमेरा समांतर धरला तर एफ/८ वरही बरंच काही फोकसमध्ये येतं, समोरून काढला तर येत नाही. हे उत्तर तुम्हाला पुढची कित्येक वर्षं पुरेल.

आकडे द्यायचे ते मिरवायला नाहीत. एफ/८ हे अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं होतं ते, आणि आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता. १/२५० सेकंद हा शटर स्पीड दिसला की पाहणाऱ्याला धूसरपणाचं कारण शोधता येतं. आकडे नसतील तर तो अंदाज करत बसतो.

प्रजातीचं नाव खात्री असेल तरच लिहा, नाहीतर 'ओळख हवी आहे' म्हणा. पंख पसरून बसलेला तो चतुर आणि पाठीवर पंख मिटून बसलेली ती टाचणी (डॅम्सेलफ्लाय), एवढा फरक नवशिक्यालाही जमतो. पण टाचण्यांच्याही काही जाती पंख अर्धवट उघडे ठेवतात. म्हणून फोटोवरून ओळख पटवताना डोळे एकमेकांपासून लांब आहेत का, मागचे पंख अंगाला जोडले जातात तिथे रुंद आहेत का, हेही पाहतात. चुकीचं नाव कुणी दुरुस्त केलं तर ते लगेच बदला. नावातली चूक ही तुमच्या फोटोवरची टीका नसते.

आणि काय केलंय ते सगळं सांगा. प्राणी पिंजऱ्यातला किंवा पाळलेला असेल, खाणं ठेवून बोलावलेला असेल, दोन फोटो जोडले असतील, मधली फांदी पुसली असेल, अनेक फ्रेम एकत्र करून फोकस वाढवला असेल, तर तसं लिहा. यातली प्रत्येक गोष्ट वाईटच असते असं नाही. अनेक फ्रेम जोडणं तर मॅक्रोमध्ये रोजचं आहे. विश्वास तुटतो तो लपवल्यामुळे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत २००९ साली कुंपणाच्या फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो पहिला आला. तो लांडगा बहुधा माणसाळवलेला होता असा निष्कर्ष निघाल्यावर २०१० च्या जानेवारीत बक्षीस काढून घेतलं गेलं. त्याच स्पर्धेत रात्री वारुळाकडे येणाऱ्या मुंगीखाऊचा एक विजेता फोटो २०१८ साली बाद झाला, कारण तज्ज्ञांच्या मते तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला होता. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले. पण फोटोचं कौशल्य, प्रकाश, रचना हे सगळं त्या क्षणापासून बाजूला पडलं ते पडलंच.

पायरी ५: आलेली टीका वेगवेगळी करा

टीका वाचल्या वाचल्या उत्तर देऊ नका. आधी ती कशाबद्दल आहे ते ठरवा. काही टीका तपासता येते: फोकस, प्रकाश, नॉइज (दाणेदारपणा), तिरकी रेषा, चुकीचं नाव. काही टीका पसंतीची असते: क्रॉप, रंगांचा उबदारपणा, किती जागा सोडायची. आणि काही टीका प्राण्याशी आपण कसे वागलो याबद्दल असते. तिन्हींना एकच उत्तर चालत नाही.

तपासता येणाऱ्या टीकेपासून सुरुवात करा. कुणी म्हणालं, 'शार्प नाही.' या दोन शब्दांमागे निदान तीन वेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. मूळ फाइल उघडा, शंभर टक्क्यांवर न्या आणि पाहा. पक्षी, फांदी, पानं, सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसतंय? मग हात हलला. ४०० मिमी लेन्स हातात धरून काढताना शटर निदान १/४०० असावा हा जुना ढोबळ नियम आहे. स्टॅबिलायझर (हाताचा कंप सावरणारी सोय) असेल तर त्याहून कमी चालतो, पण तो फक्त हाताच्या हालचालीसाठी. फांदी स्वच्छ आहे आणि पंखांची टोकं किंवा डोकं तेवढं पुसट आहे? मग पक्षी हलला. इथे स्टॅबिलायझर काहीच करत नाही, शटर वाढवावा लागतो, उडत्या पक्ष्यासाठी १/१६०० किंवा त्याच्याही पुढे. आणि पक्ष्याच्या मागचं किंवा पुढचं पान रेखीव आहे, पक्षी मात्र धूसर? मग फोकस चुकला. फोकसचा बिंदू डोळ्यावर नव्हता.

चौथी शक्यताही असते, ती म्हणजे सगळं बरोबर आहे पण फोकसची खोली कमी पडली. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा, ४०० मिमी, एफ/५.६ आणि पक्षी पाच मीटरवर असेल तर फोकसमध्ये राहणारी खोली पुढे-मागे मिळून जेमतेम पाच सेंटिमीटर असते. पक्षी आपल्याकडे तोंड करून बसला असेल तर डोळा रेखीव आणि शेपूट धूसर हे होणारच. ही चूक नाही, पण शेपूटही हवी असेल तर त्याने बाजू दाखवेपर्यंत थांबायला हवं होतं एवढं कळतं. 'शार्प नाही' या दोन शब्दांतून इतकं काही निघतं, फाइल उघडली तर. न उघडता 'माझ्या स्क्रीनवर तर शार्प दिसतोय' असं उत्तर दिलं तर काहीच निघत नाही.

प्रकाशाचंही तसंच. 'बगळा जळलाय', म्हणजे जास्त उजेडाने नुसता पांढरा झालाय, असं कुणी म्हटलं तर हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) पाहा, उजव्या भिंतीला आलेख चिकटलाय का. काळसर पाण्यासमोर पांढरा बगळा असेल तर कॅमेरा एकंदर दृश्य मध्यम उजेडाचं करायला जातो आणि बगळा करपतो. पिसांमधला तपशील गेला की एडिटिंगमध्ये परत येत नाही. पुढच्या वेळी एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणा, म्हणजे उजेड निम्मा करा. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढत असाल तर थोडं वाचवता येतं, जेपेगमध्ये फारच थोडं.

'पक्षी लहान दिसतोय, क्रॉप कर' हा सल्ला ऐकण्याआधी किती पिक्सेल हातात आहेत ते बघा. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची लांबी-रुंदी निम्मी केली की सहा मेगापिक्सेल उरतात. स्क्रीनसाठी ते पुरतात, पण नॉइज तेवढाच मोठा होऊन दिसतो. क्रॉप हा लांब लेन्सला पर्याय नाही आणि जवळ जाण्यालाही नाही.

आता पसंतीची टीका. एक जण म्हणतो जवळून क्रॉप कर, दुसरा म्हणतो परिसर दिसू दे. नवीन माणूस अशा वेळी मधला काहीतरी क्रॉप करतो आणि फोटो कुणाचाच राहत नाही. त्याऐवजी मूळ फाइलच्या दोन प्रती करा, एक या सल्ल्याप्रमाणे, एक त्या. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. मग स्वतःला विचारा की मला दाखवायचं काय होतं, पिसांचा रंग की एवढ्या मोठ्या दलदलीत एकटाच उभा असलेला पक्षी. उत्तर दुसरं असेल तर पहिला सल्ला सोडून द्यायला काहीच हरकत नाही. फक्त तो करून पाहिल्यावर सोडा.

पायरी ६: उत्तर देताना

आभार मानून थांबायचं नाही, एक पाऊल पुढे जायचं. 'धन्यवाद' एवढंच लिहिलं की समोरच्याला वाटतं ऐकून सोडून दिलं. 'तुम्ही म्हणालात तसं मागचा पांढरा ठिपका गडद करून पाहिला, नजर आता सरळ डोळ्यावर जाते. पण उजवीकडची फांदी मला हवीच आहे, कारण तो तिथून उडणार होता' असं लिहिलं तर तो माणूस पुढच्या वेळीही वेळ काढेल. यात सहमतीही आहे आणि असहमतीही, आणि दोन्ही मुद्द्यावर आहेत.

काय टाळायचं? 'मी नवीनच आहे', 'कॅमेरा साधा आहे', 'उजेड नव्हता' ही स्पष्टीकरणं. ती खरी असतीलही, पण परिस्थिती सांगायची जागा फोटोसोबतची माहिती, टीकेनंतर ती सांगितली की सबब होते. 'मग तुमचे फोटो दाखवा' हे तर कधीच नको. ज्याला स्वतःला चांगला फोटो काढता येत नाही त्यालाही पाहता येतं.

बोलणं कडवट असेल तर त्यातला मुद्दा तेवढा वेगळा काढा आणि फक्त त्याला उत्तर द्या. 'असले फोटो कशाला काढता, काय दिसतंय यात?' यातही एक मुद्दा आहे, विषय ओळखू येत नाही. मुद्दा काहीच नसेल, नुसता माणसावर हल्ला असेल, तर उत्तर देण्याचं बंधन नाही. आणि काहीच प्रतिसाद आला नाही तर त्याचा अर्थ लावत बसू नका. एखाद्या जाणकाराला तोच फोटो थेट पाठवून तोच एक प्रश्न विचारा.

पायरी ७: प्राण्याबद्दलची टीका आधी ऐका

'घरट्याच्या एवढ्या जवळ?', 'फ्लॅश मारला का?', 'आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवून बोलावला का?' हे प्रश्न आले की पहिली प्रतिक्रिया बचावाची असते. माझ्या मते रचनेबद्दलची सगळी चर्चा थांबवून आधी याला उत्तर द्यायला हवं, आणि खरं उत्तर द्यायला हवं: अंतर किती होतं, लेन्स कोणती, किती वेळ थांबलो, पक्षी काय करत होता. अंगावर पिसं फुलवून, सतत ओरडत, जागच्या जागी अस्वस्थ असलेला पक्षी फोटोत दिसतो आणि जाणकारांना तो लगेच कळतो. घरट्यासमोरची पानं बाजूला केली असतील तर पिल्लं उन्हात पडतात आणि शिकारी पक्ष्यांना दिसतात. हे फोटोवरून ओळखणारे लोक आहेत, आणि ते असल्याचा आनंद वाटायला हवा.

कधी कधी अशा टीकेतून असं काही कळतं जे आपल्याला फोटो काढताना दिसलंच नव्हतं. खंड्याचा फोटो घ्या. फांदीवर बसलाय, चोचीत मासा, रंग सुरेख. तुम्ही विचारलंय की बॅकग्राउंड कसं आहे. एक जण लिहितो: 'माशाचं डोकं बाहेरच्या बाजूला आहे बघा. स्वतः गिळायचा असता तर डोकं आत धरलं असतं. हा दुसऱ्याला भरवायला नेतोय, जोडीदाराला किंवा पिल्लांना. तुम्ही समोर असेपर्यंत तो घरट्याच्या बिळात जाणार नाही.' फोटो मोठा करून पाहिला की खरंच माशाचं डोकं चोचीच्या टोकाकडे दिसतं. आता बॅकग्राउंडचा प्रश्न मागे पडतो. तो किती वेळ त्या फांदीवर मासा धरून बसला होता हे आठवायला हवं, आणि पुढच्या खेपेला डोकं बाहेर धरलेला मासा दिसला की कॅमेरा खाली घेऊन मागे सरकायला हवं.

वागणं चुकीचं होतं असं पटलं तर तो फोटो काढून टाका आणि का काढला ते दोन ओळींत सांगा. फोटो कितीही चांगला असला तरी तो तसाच ठेवला की पाहून आणखी कुणी तसंच करतं.

पायरी ८: एडिटिंगवरचा वाद

'खूप एडिट केलंय' ही टीका हमखास येते. इथे एक जुनं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराचा, न्यू मेक्सिकोमधल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो १९४१ सालचा. १९४८ साली त्यांनी निगेटिव्हच्या खालच्या भागावर पुन्हा रासायनिक प्रक्रिया केली, आणि पुढे अनेक दशकं ते त्याच निगेटिव्हवरून प्रिंट काढत राहिले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश उजळ आहे, नंतरच्या प्रिंटमध्ये जवळजवळ काळं. म्हणजे उजेड-अंधार कमीजास्त करणं ही काही आजची लबाडी नाही. तरीही टीका तपासून घ्याच. सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवल्यावर हिरव्या पानांतल्या वेगवेगळ्या छटा एक होतात, लाल पाकळीवरच्या शिरा नाहीशा होतात. असं झालं असेल तर पसंतीचा प्रश्नच उरत नाही, तपशील गेलेला असतो. स्लायडर मागे आणा.

पायरी ९: पुढच्या वेळी एकच गोष्ट सुधारा

आलेली टीका एका वहीत किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवा, माणसाचं नाव न लिहिता, फक्त मुद्दा. काही फोटोंनंतर दिसेल की दोन-तीन मुद्दे पुन्हा पुन्हा येतायत, समजा 'मागे गर्दी आहे' आणि 'वरून काढलाय'. पुढच्या वेळी त्यातला एकच घेऊन बाहेर पडा. वरून काढण्याची सवय असेल तर त्या दिवशी प्रत्येक फोटो प्राण्याच्या डोळ्याच्या उंचीवरूनच काढायचा, बाकी काही बिघडलं तरी चालेल. बहुतेकांना यातच कळतं की खाली बसल्यावर मागची गर्दीही कमी होते, कारण मागे जवळची जमीन न येता दूरचं काहीतरी येतं.

दुसऱ्यांच्या फोटोंवरही मत द्या. आधी काय दिसलं ते लिहा, मग काय खटकलं ते, मग शक्य असेल तर उपाय. 'कंपोझिशन कमजोर' असं न लिहिता 'उजव्या कोपऱ्यातलं पिवळं पान नजर ओढून घेतंय' असं लिहा. इतरांच्या फोटोत ते पान शोधायची सवय लागली की आपल्या व्ह्यूफाइंडरमध्येही ते दिसायला लागतं, बटण दाबण्याआधी.

आणि सहा-आठ महिन्यांनी जुना फोटो मूळ फाइलपासून पुन्हा एडिट करा, जुनी प्रत न पाहता. मग दोन्ही एकत्र, ज्यांनी तेव्हा मत दिलं होतं त्यांनाच दाखवा आणि काय बदललं ते सांगा. त्यांनी तेव्हा सांगितलेलं एखादं तुम्ही मुद्दाम केलं नसेल तर तेही सांगा, कारणासह.